कोंड्याचा चीक

माय, नातू शाळेतून आला की मले अक्षरं गिरवाले लावते. मास्तरकीची लय हौस त्याले. एक काना चुकला तर कपाळाले हात लावून बसते. आता जमते थोडंबहुत. पहिलं पत्र कोणाले लिहावं म्हटलं, तर तूच डोळ्यासमोर आली. तुले जाऊन किती वर्षं झाली, अन् तुले तर वाचताही येत नव्हतं. तरी लिहून राहिली.

काल सकाळी सुनेनं ज्वारीचं पीठ चाळलं अन् कोंडा म्हशीपुढं टाकाले निघाली. मी तिच्या हातातलं सूप ओढलंच. ती पाहतच राहिली, म्हातारीले काय झालं म्हणून. तिचं चुकलं नाई. अकोल्याच्या या भरल्या घरात कोंड्याले कोण विचारते? मी तो भिजत घातला, अन् तेव्हापासून तुह्याशिवाय काही सुचून नाई राहिलं.

आपलं अमरावतीचं घर कोष्ट्याचं. बा मागावर बसे अन् तू खळ शिजवायची. गल्लीत ताणा, म्हणजे उभं सूत, लांबवून त्याले ती खळ पाजली की सूत कडक होते, मागावर तुटत नाई. आधी तू ज्वारीच्या पिठाची खळ करायची. मंग दूर कुठं सातासमुद्रापल्याड कापसाच्या मुलखात लढाई लागली, तिथला कापूस अडला अन् इथं कापसाले सोन्याचा भाव आला. ज्याच्या त्याच्या काळ्या रानात पऱ्हाटी. ज्वारी पेराले कोणी तयार नाई. कापूस गाड्या भरभरून मुंबईले चालला, अन् कोष्ट्याच्या घरात ना सूत ना भाकर. तू टोपलं घेऊन घरोघरचा कोंडा मागत फिरायची. बाया विचारत, म्हैस घेतली का व? तू म्हणे, घेतली ना, दोन पायाची हाये, लय खाते. अन् माह्याकडं बोट दाखवे. मले असा राग येई तुहा!

कोंडा रातभर भिजे. सकाळी तू तो हातानं चोळचोळ चोळायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची अन् मडकं हलवू देत नव्हती. दुपारी वरचं पाणी ओतलं की तळाले पांढरा चीक, बोटभर जाड. लोक कोंड्याचा मांडा करतात, तू ताणा उभा केला. त्या चिकात तू कडूलिंबाच्या पाल्याचं पाणी घालायची, सुताले कीड लागू नये अन् लेकरानं तोंड लावू नये म्हणून. खळ कडूच असते, हे कोष्ट्याचं पोर चालण्याआधी शिकते.

एक दिवस मी विसरत नाई, त्या दिवशीचा चीक एका लग्नाच्या लुगड्याच्या खळीसाठी होता. लुगडं झालं की शेतकरी ज्वारी देणार होता, अन् त्याच ज्वारीकडं आपण डोळे लावून बसलो होतो. मी तापातून उठलेली. घरात दाणा नाई. तू मडक्यासमोर लय वेळ बसली. मंग लिंबाचं पाणी घालायच्या आधी अर्धा चीक काढला, मीठ टाकून त्याची पेज केली अन् वाटी माह्यासमोर धरली. मी तोंड मिटून घेतलं. खळ कोण खाईल?

"कडू नाई व बाई. पाह्य, मी खाते," तू म्हणली अन् एक घोट घेतला.

मंग मी खाल्ली. दोन घोट झाले अन् मी म्हटलं, कडू हाये. तू परत चाखली, म्हणे नाई तं. मी परत म्हटलं. असं करत वाटी सरली.

खळ कमी पडली. मागावर सूत तुटू लागलं. बानं विचारलं, खळ पातळ काहून? तू म्हणली, कोंडाच हलका होता. बानं एकदा माह्याकडं पाहिलं अन् गाठी मारत बसला. लुगडं उशिरा झालं, पण झालं. ज्वारी आली.

तू मात्र माहं कडू म्हणणंच धरून बसली. मडक्यात लिंबाचा अंश राहिला असंल, माह्याच्यानंच हात धुतले गेले नसतील, असं तू म्हणायची. माह्या लग्नात बायांना सांगत होती. शेवटच्या दुखण्यातही माह्या गालावर हात ठेवून म्हणली, "लेकराले कडू पाजलं व मी." मी तुह्या हातावर हात ठेवला. खरं सांगितलं असतं तर तुले ते जास्त लागलं असतं.

आज माह्या मडक्यातही चीक बसला, पण तुह्यासारखा पांढरा नाई. तू असती तर नाक मुरडलं असतं. मुरड ना व, एकदा येऊन मुरड.

नातू म्हणते, पत्त्याशिवाय डाक जात नाई. नाई तं नाई, हे फडताळात ठेवून देते. माय, पेज कडू नव्हती. तुह्या पोटात काही नाई, हे मले दिसत होतं. मी कडू म्हटलं की तू एक घोट घेत होती, म्हणून म्हणत राहिली.