कवडूच्या बांधीतली यादी

भंडारा, १२ ऑक्टोबर १९८८

प्रिय रुखमा,

हे पत्र पोस्टात न टाकता तुमच्याकडे निघालेल्या देवकाबाईंच्या हाती देते आहे. मोहाडीला तुझ्या सासरी आलेलं पत्र आधी सगळ्यांसमोर वाचलं जातं, असं तूच सांगितलं होतंस. एकटी असशील तेव्हाच उघड.

इथल्या कुष्ठरोगाच्या संस्थेत लागून मला दीड वर्ष झालं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत गारवा, निळे पडदे, आणि काळ्या काचेवर उमटणारी हिरवी अक्षरं. गावोगावच्या रुग्णांची नावं मी टाइप करते. एकेक नाव काजव्यासारखं लुकलुकायचं आणि वाटायचं, घरातली पहिली बी.ए. मी, कोणाच्या तरी कामी येते आहे. आसगावच्या तलावाच्या पाळीवर पाय सोडून आपण हेच तर ठरवलं होतं. ही नावं फुटली तर ठरलेली लग्नं मोडतात, म्हणून कागदी याद्या आम्ही जाळून टाकतो.

गेल्या महिन्यात सात फ्लॉप्या बिघडल्या. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पातळ वस्तू. यादी तिच्यात साठते. आमच्या मशीनवर एकही उघडेना. उघडत नाही म्हणजे आत काही उरलं नाही, असं मी धरून चालले. आमचा शिपाई कवडू म्हणाला, "बाई, फेकता कायले? मले द्या. धानावर पाखरं लय बसून राहिले." मी हसत देऊन टाकल्या. एका संध्याकाळी त्याच्या शेतात, बांधीवर गेले, तर पिवळ्या धानावर दोरीला टांगलेल्या त्या वाऱ्यात हळूहळू फिरत होत्या. मी बघतच राहिले. सहाच आहेत, हे लक्षातही आलं नाही.

सातवी त्याने भोजराजला दिली होती. भोजराज इथे कॉम्प्युटर क्लास चालवतो. काल रस्त्यात मला म्हणाला, "काय मॅडम, तुमची खराब फ्लॉपी आमच्याकडे मस्त चालून राहिली! अख्खा तालुका हाय तिच्यात." वर्गात त्याने गंमत म्हणून नावं मोठ्याने वाचली होती. ती परत घेऊन, बांधीतल्या सहाही काढून आणून, मी कात्रीने बारीक तुकडे केले. साहेबांना लेखी कळवलं. नोकरी राहील असं वाटत नाही. पण ऐकणाऱ्या बारा पोरांचं मी काय करू?

त्यातला एक मोहाडीचा, तुमच्याच गल्लीतला आहे, रुखमा. आणि 'बरे झालेले' या रकान्यात तुझं नाव आहे, माझ्याच हाताने टाइप केलेलं. नववीत शिवणक्लासला जातो सांगून पवनीच्या दवाखान्यातून आपण गोळ्या आणायचो, हे तुझ्या आईखेरीज कोणाला माहीत नाही, तुझ्या नवऱ्याला, तेजरामभाऊजींनाही नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी तू त्यांना सांग. रविवारी पहिल्या बसने, तू पूर्ण बरी असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेऊन मी येते. दारातूनच परत जा म्हणालीस, तर जाईन. हे पत्र मात्र चुलीत घाल, आणि पुरती राख होईपर्यंत तिथून हलू नकोस.

अजून तरी तुझीच,
शेवंता