उजव्या हाताने लिहिलेले

मी, अल्मेडा मेट्झगर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा क्रोकिनोलचे पाट बनवणे, राहणार एल्मायराच्या उत्तरेला, ओंटारियो, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. त्यावर केस मात्र बोटभरच आहेत, ते का ते पुढे येईल. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि तूर्त मरायचा बेतही नाही.

कलम १. चार वर्षांपूर्वी वकिलांकडून टाइप करून घेतलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्याखालची सही माझीच, पण कोंबडीने पाय फिरवल्यासारखी. तेव्हा माझे दोन्ही हात इतके थरथरत की सूप मी नळीने पीत असे. त्यात "बहीण लोविना फ्रे हिला काहीही देऊ नये, कारण तिला ठाऊक आहे" असे वाक्य होते. ते विशेष करून रद्द.

कलम २. वडिलांची सुतारकामाची शेड, लेथ, करवती, पटाशा आणि सगळी वार्निशे लोविनाची मुलगी रूथॅन हिला द्यावीत. घरही तिलाच. वडील यंत्रे इंजिनाच्या पट्ट्यावर चालवत. मी १९८९ साली शेडमध्ये वीज घेतली. मोटार आणि वीज वर्ज्य मानणाऱ्या आमच्या घोडागाडीवाल्या ख्रिस्ती मंडळीत ते चालण्यासारखे नव्हते, म्हणून मी मोटारवाल्या मंडळीत गेले. लोविना म्हणाली होती, "तारेतून वीज येते, अल्मे, आणि त्याच वाटेनं माणूस निघून जातो." तरी दर रविवारी रस्ता ओलांडून ती खेळायला यायचीच. पत्त्यांना आमच्यात बंदी, पण क्रोकिनोलला कुठल्याच बिशपने हात लावला नाही. गोल पाटावर टिचकीने सोंगटी मारायची, मधल्या खळग्यात पडली तर वीस. रूथॅनने यंत्रे तारेवर चालवावीत की पुन्हा पट्ट्यावर, हे तिचे तिने ठरवावे. मला विचारायला कबरीपाशी येऊ नये.

कलम ३. हे कलम कोणाला काही देत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सहा वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणानंतर सगळे पाटाभोवती जमले होते. टिचकी मारण्याआधीच माझे बोट उडाले आणि सोंगटी पाटाबाहेर गेली. लोविनाने माझ्या पुढ्यातल्या सोंगट्या ओढून घेतल्या. "अल्मे, आता तू नुसतं बघ," म्हणाली. वर आणखी, "देव हात हलवतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं." मी समजले, वीज घेतल्याची शिक्षा. कोट चढवला आणि घरी आले. रस्ता वीस पावलांचा आहे. सहा वर्षे तो आमच्यापैकी कोणी ओलांडला नाही. प्रार्थनेच्या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसे. पुढे प्रार्थनाच सोडली. ज्याने हात हलवले त्याच्यापुढे ते जोडायचे कशाला, असे वाटे. आमच्या पास्टरना हे इथे वाचूनच प्रथम कळेल.

कलम ४. माझा टॅबलेट रूथॅनच्या मंडळीत चालणार नाही, तो गावच्या वाचनालयाला द्यावा. त्याच्याशी बोलले की पटावरची सोंगटी आपली आपण सरकते. हात गेल्यावर मी त्यावर सास्काचेवानच्या ऑर्विल पिकरिंग ह्या निवृत्त शिक्षकांशी ड्राफ्ट्स खेळू लागले. आम्ही कधी भेटलो नाही. हरायला लागले की ते हवामानावर बोलतात. माझ्या मरणाची खबर त्यांना द्यावी. डाव अर्धा राहिल्यास तो त्यांनी जिंकला असे समजावे, मात्र मी आघाडीवर असेन तर नाही. त्यांनीच मला त्या इलाजाबद्दल सांगितले. डोक्यात ध्वनिलहरी सोडून थरथर थांबवतात, त्यांच्या वहिनीला गुण आला होता.

"कापाकापी अजिबात नाही," ते म्हणाले. "डोकं तेवढं भादरावं लागतं."

तेवढं! माझ्या केसांना जन्मात कात्री लागली नव्हती. बाईचे केस हे देवाने घातलेले पांघरूण, असेच आम्ही शिकलो. मी दोनदा तारीख मिळवली आणि दोनदा परत केली.

कलम ५. तिसऱ्यांदा तारीख मिळाल्याची बातमी रूथॅनने आईला सांगितली. मार्चच्या चिखलातून लोविना आली, शिवणाची कात्री घेऊन, दार न ठोकता.

"दवाखान्यात कोणी परका तुझे केस कापणार?"

"तिथे सगळ्यांचेच कापतात."

"सगळ्यांचे कापू देत. तू बस."

तिने केसांतले आकडे काढले, वेणी घातली. बराच वेळ कात्री चाललीच नाही.

"त्या दिवशी पोरं हसायला लागली होती गं," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. "तुला तिथून उठवायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं."

"आणि देवाचं?"

"ते भीतीनं. आईचे हात असेच हलायचे. आता माझी पाळी म्हणून मी रोज सकाळी उठून आधी हात बघते."

मग कोण रडले हे कायद्याला जरुरीचे नाही. वेणी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या कपाटात आहे. ती माझ्याबरोबर पुरावी.

कलम ६. टोरोंटोला तीन तास माझे डोके यंत्रात अडकवले होते. डॉक्टरीणबाई मधूनमधून कागदावर वेटोळे काढायला सांगत. पहिले वेटोळे म्हणजे नुसता भूकंप होता. पाचवे गोगलगायीच्या पाठीसारखे गोल आले. मी विचारले, "अजून एक काढू?" बाहेर लोविनाने, जिच्या घरात आजही कंदील आहे, नर्सला विचारले, "हे विजेवरच चालतं ना?" नर्स हो म्हणाली. "असू दे," लोविना म्हणाली.

इलाज एकाच बाजूचा झाला. डावा हात अजून थरथरतो. आता प्रार्थनेला बसले की उजवा त्याला धरून ठेवतो. मी फार काही मागत नाही. बरे वाटते.

कलम ७. वडिलांचा मेपलचा पाट मी लोविनाच्या नावे लिहिणार होते. वकील म्हणाले, जिला काही मिळते तिने साक्षीदार होऊ नये.

"सही मीच करणार," लोविना म्हणाली.

"मग पाट?"

"पाट आत्ता दे. अठ्ठ्याहत्तरची आहे मी, तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

आज सकाळी तिने तो हातगाडीवर घालून रस्त्यापलीकडे नेला. सबब ह्या कागदान्वये तिला काहीही मिळत नाही. दवाखान्यातून आल्यावरच्या पहिल्या डावात तिने मला शंभर विरुद्ध पंधरा हरवले होते. जरा दया दाखवायचीस, म्हटले. "दया दाखवली असती तर तू पुन्हा सहा वर्षं बोलली नसतीस," ती म्हणाली.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मी मोठ्याने वाचून दाखवला. कलम ३ वाचताना थांबले, तेव्हा लोविना म्हणाली, "खरं आहे ते. राहू दे."

सही: अल्मेडा मेट्झगर
साक्षीदार: लोविना फ्रे, बहीण
साक्षीदार: एमर्सन वेबर, दुधाच्या टँकरचे चालक
ठिकाण: लोविनाच्या स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: १७ मे २०२४