फ्रीजमधलं झाड

आबा, तुमचं झाड अजून जिवंत आहे. मांजरसुंब्याच्या आपल्या ढाब्यावर, त्याच काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये. मिलिटरीतून रिटायर होऊन लडाखहून आलात तेव्हा ओल्या रुमालात गुंडाळून आणलेलं, लिंबाएवढं होतं. आता चांगलं वाटीएवढं झालंय, हिरवं, गोल, टणक, आणि उन्हाळा लागताना त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुलं येतात. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय शेवाळ ठेवलंय? परवा एका ड्रायव्हरने स्वतःच दार उघडून त्याच्यावर बाटली टेकवली, तर मी हातातलं उलथनं त्याच्या बोटांवर हाणलं. तापलेलं होतं. तो शिव्या देत गेला आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. राग तुमचाच आलाय माझ्यात.

त्याचं सगळं मी तुमच्याकडे बघून शिकले. माती मूठभर, बाकी बारीक खडी. पाणी कुंडीखालच्या परातीत द्यायचं, ते खालून आपलं आपण ओढून घेतं. वरून थेंबही नको, गाभ्यात पाणी साठलं की आतून कुजतं. सकाळ-संध्याकाळ दार उघडून वारा द्यायचा, लाइट गेली की आधी त्याच्याकडे पळायचं. तुम्ही हे रोज फ्रीजसमोर गुडघ्यावर बसून करायचात, आणि आम्हा मायलेकींना त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीत. बायांना काय कळतंय त्यातलं, म्हणायचात.

मी आठवीत होते. श्रावणातला शेवटचा सोमवार. आई न्हाऊन आलीय, हातात तांब्या आणि बेलाचं पान. ती फ्रीज उघडते, झाडावर पाण्याची धार धरते, बेल ठेवते, हात जोडते. आधीच्या सोमवारीही तिने हेच केलं होतं, मी पाहिलं होतं, मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. झाड एका बाजूने तपकिरी पडत चाललं होतं आणि तुम्ही आठ दिवस कारण शोधत होतात. ते तुम्हाला त्या दिवशी दारातूनच दिसलं.

"ह्ये कावून केलं?" तुमचा आवाज हळू होता.

"तुमी रोज त्याच्याम्होरं गुडघे टेकता," आई म्हणाली. "मला वाटलं, तिकडून महादेवच आणलाय."

तुम्ही मारलंत ते पुऱ्या हाताने. तिचं डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं, काच तडकली. ती खाली पडल्यावर लाथा घातल्यात. ती ओरडली नाही, फक्त कानावर हात दाबून धरला, आणि बोटांमधून रक्त आलं. मी तुमच्या मनगटाला चावले, तुमचं रक्त माझ्या जिभेला लागेपर्यंत सोडलं नाही. मग पट्टा निघाला. बाहेर बाजांवर माणसं जेवत होती. कुणी उठलं नाही, एकाने तर भाकरी मागितली.

आणि दुपारी, आबा, तुम्ही ब्लेड आणि चिमटा घेऊन बसलात. कुजलेला भाग इतका हळुवार कापलात, एकेक कोंब चिमट्याने उचलून कोरड्या वाळूत टेकवलात, मधूनच फुंकर घालत होतात. पाठीवर वळ घेऊन मी ते बघत होते. मला त्या झाडाचा हेवा वाटला. त्यातला एकच कोंब जगला, तोच हा. आईचा डावा कान मात्र कायमचा गेला. तुम्ही तिला दवाखान्यात नेलं नाहीत.

तुम्ही गेलात ती दुपारही मला स्वच्छ दिसते. मागच्या खोलीत तुमचा पलंग, आई शेजारी मेथी निवडत बसलेली, डावा कान तुमच्याकडे. तुमच्यात बोलायचं बळ राहिलं नव्हतं. "पाणी दे गं," म्हणालात. आई काड्या मोडत राहिली. पुन्हा म्हणालात. मग तिसऱ्यांदा. नंतर काही म्हणाला नाहीत.

लोकांना मी सांगितलं, झोपेतच गेले. आईलाही तेच सांगितलं. ती अजून मधूनच म्हणते, "मी बाजूलाच व्हते की. काई मागितलं असतं तर दिलं असतं." मी मान हलवते आणि तव्याकडे वळते. हा कागद तिच्या हाती कधी लागू देणार नाही. मी दारात उभी होते, आबा. मला तिन्ही वेळा ऐकू आलं.