'मी गेलतो' म्हणणारी बाई

ता. २ एप्रिल १९३८, अनगोळ
पुण्याहून संपादकांचे पार्सल. मुलांसाठी नवी रहस्यमाला निघाली आहे, तिचे पुष्प पहिले. दहा ओळी अभिप्राय हवा, "आपल्या खुसखुशीत शैलीत". बेळगावच्या बातमीदाराला म्युनिसिपालिटीच्या गटारांखेरीज काही दिले, उपकार झाले. दोरा सोडतो तोच कुसुमने पुस्तक पळवले. "आप्पा, तुमाला संस्कृतवाल्यांना चोर कळायचा न्हाय. आधी मी वाचतो." चौदाची आहे. जूनपासून पुण्याच्या शाळेत, वसतिगृहात.

ता. ४
कु.ने फडशा पाडला. जेवताना सगळी कथा. पुण्यातले घर, चांदीची समई नाहीशी, नवी स्वयंपाकीण, तेरा वर्षांचा हुशार पोरगा. "बाई असून 'मी बाजारात गेलतो' म्हणाली! म्हंजे बाई न्हवंच, लुगडं नेसलेला चोर!"
सौ. वाढत होती. "मग मी कोण गं?"
तिघेही हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने.

ता. ५
वाचले. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी, इथे 'गेलतो'वरून पुरुष. हेतू सव्यभिचारी: खूण पुरुषाला लागू, तशी बाईलाही. ग्रंथकारांना बाजारच्या दिवशी निपाणीत उभे करावे, लुगड्यातले चोर मोजता मोजता थकतील. सौ.चे माहेर तिथलेच. तिच्या बहिणी, मावश्या, झाडून सगळ्या 'मी आलो, मी गेलो'वाल्या.
दुसरी गंमत: 'गेलो होतो'चे 'गेलतो'. असा संधी संस्कृतात केला की शास्त्र, निपाणीत केला की गुन्हा.

ता. ९
कु. आता 'मी जाते, मी येते'. आजवर आईला 'अव्वा' म्हणे, तिची 'आई' झाली. दुपारी सौ. म्हणाली, "मी विहिरीवर गेलतो."
"गेले होते म्हण की गं!"
मग त्या बेळगावी 'की गं'साठी स्वतःच जीभ चावली. तेव्हा हसू आले. लिहिताना येत नाही.

ता. १४
पोरीला सोडायला तिघांनी जायचे ठरले होते. सौ.ने इरकली लुगडे काढून उन्हात घातले आहे. आज कु. माझ्या मेजाशी येऊन हळूच:
"आप्पा, तुम्हीच या सोडायला. आईला प्रवासाचा त्रास होतो."
"कधीपासून?"
"तिथल्या सगळ्या मुलींनी वाचलं असेल हो ते पुस्तक…"
सौ. दारात. हातात सूप. ऐकले होते.

ता. १५
सौ. बोलते, पण "जेवण झालंय", "पाणी तापलंय". स्वतःविषयी दिवसभरात एक वाक्य नाही. क्रियापदाला पुरुष-स्त्री लागेल तिथे गप्प.
म्हटले, पोर आहे, बोलतो तिला.
"तिला कशाला बोलतासा? वीस वर्सं तुमीच हसलासा. ती पुस्तकातनं शिकली व्हय?"
खरे आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मित्रांना सांगत असे, "आमच्या घरी दोन पुरुष." टाळी मिळे. दर वेळी.

ता. १८
संपादकांचे कार्ड: अभिप्राय कुठे? खोडून काढायला बसलो. दाखला घरच्याच बाईचा द्यावा लागतो. म्हणजे पुण्यात पुन्हा हशा, या खेपेस माझ्या सहीनिशी. फाडले. स्तुती लिहावी, तर पुन्हा तीच टाळी.

ता. २१
जेवताना सरळच विचारले, "तू येणार ना पुण्याला?" कु. समोर, मान ताटात.
सौ. म्हणाली, "मी…" आणि थांबली.
'येतो' तिचे, 'येते' पुण्याचे. 'येत न्हाय'ला मात्र लिंग लागत नाही. मला भीती त्याचीच. कु.चा घास हातातच राहिला.
"भाकरी करपंल," म्हणत सौ. उठून चुलीकडे गेली. तव्यावर भाकरी नव्हती.