दोन ‘आम्ही’

सांगली,
फेब्रुवारी १९४७

प्रिय,

पुढे नाव लिहावं म्हणून टाक उचलला, पण हात धजला नाही. नवऱ्याचं नाव घेऊ नये, हासुद्धा व्याकरणाचाच नियम आहे, पुस्तकात तेवढा सापडत नाही, असं तुम्ही लग्नानंतर मला चिडवायचात. आज तो नियम माझ्या फार उपयोगी पडला. नाव न घेता बरंच काही लिहिता येतं.

इकडे सगळं क्षेम आहे. अव्वा तर इतक्या आनंदात आहेत की त्यांच्याकडे बघून मला धास्ती वाटते. त्याचं कारण तुमच्या पलटणीतला कृष्णात. सैन्यातून सुटून वडूजला आपल्या गावी जाताना तो मिरजेला उतरला आणि वाट वाकडी करून आपल्या दारात आला. सोप्यात टेकला, अव्वांच्या पायाला हात लावला नि म्हणाला, “आवं, दादा लय बरं हायत. मला म्हनलं, घरी एवढंच सांग, आमी आता हितंच ऱ्हानार.” अव्वांनी टाळीच वाजवली. “आमी म्हनला न्हवं? बोलवतोय की गं पोरगा आमाला!”

तुमच्या आईचं हे ‘आमी’ तुम्हाला सांगायला नको. लग्न होऊन मी साताऱ्याहून आले, त्या पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “चल गं, आमी जेवूया.” मला वाटलं, या मंडळींचं जेवण आहे, मला बोलावणं नाही. मी दाराशी उपाशी उभी आणि अव्वा आत पाटावर माझी वाट बघतायत! तुम्हाला कळलं तेव्हा हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. अव्वांचं माहेर अथणीचं, त्यांच्या कानडीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हीला एकच ‘नावू’. समोरचा त्यात धरलाय की वगळलाय, हे त्यांचा शब्द सांगत नाही, मराठीचा सांगतो. ‘आपण’ म्हटलं की मी आत, ‘आम्ही’ म्हटलं की मी बाहेर. मास्तरांची मुलगी असून हे मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून मला तुमच्या व्याकरणाची गोडी लागली, आणि खरं सांगायचं तर तुमचीही.

म्हणून तर पलटणीबरोबर मलायात गेल्यावर पेनांगहून आलेली तुमची पत्रं मी अधाशासारखी वाचायची. जपानी माणसाचं क्रियापद समोरच्याचा मान बघून बदलतं. मलायी लोकांकडे आपल्यासारखेच दोन ‘आम्ही’ आहेत, ‘कामी’ आणि ‘किता’, आणि जगावर राज्य करणाऱ्या इंग्रजाकडे मात्र एकच! साताऱ्याला बाबांनी ते वर्गात फळ्यावर लिहून मुलांना शिकवलं, जावयाचं कौतुक म्हणून. ज्या मास्तरीणबाईंकडे तुम्ही मलायी शिकता, त्यांचंही नाव तेव्हा प्रत्येक पत्रात असायचं. पुढे ते नाव येईनासं झालं. मग पत्रंच येईनाशी झाली.

अव्वा चहाचं बघायला आत गेल्या तेव्हा मी कृष्णातला विचारलं, पलटण अजून किती दिवस तिकडे ठेवणार? तो म्हणाला, “पलटन तर समदी परत आली की, वैनी.” आणि बोलून गेल्यावर बिचारा चहा न घेताच उठला. मग तुमच्या त्या ‘आम्ही’त कोण आहे, हे मला कुणी सांगायला हवं का? तुम्ही एकटे असतात तर ‘मी’ म्हणाला असतात. आम्हाला धरलं असतंत तर ‘आपण’ म्हणाला असतात. तुमच्या हातून शब्दाची चूक होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे! त्या दिवशी मी तुमचा इतका राग राग केला की देवासमोर उभं राहायची लाज वाटली. अजूनही राग गेलेला नाही. आणि इतकं असून दारात पोस्टमन दिसला की मी धावत पुढे होते, त्या धावण्याचाही राग येतो.

अव्वांना मात्र परदेशाचे वेध लागलेत. शेवया वाळवून झाल्या. “तिकडं जैनाची बस्ती असंल काय गं? देवाच्या दर्शनाबिगर मी कशी जेवू?” हे रोज विचारतात. रामगोंडा भाऊजींना निरोप गेलाय, पाडव्यापासून जमीन वाट्यानं दुसऱ्याला लावा, आमी जाणार. गल्लीभर सांगून झालंय. मी दोनदा सांगायला बसले, त्यांचा चेहरा बघितला आणि उठले.

म्हणून हे पत्र. मला तुमच्याकडून खुलासा नको, माझ्यापुरतं मी समजले. पाडव्याच्या आत अव्वांच्या नावानं पत्र लिहा. मी ते वाचून दाखवणार नाही. बस्तीतल्या उपाध्यांना कानडी येते, ते वाचतील. कानडीतच लिहा. मराठीत तुम्हाला ‘आम्ही’च्या मागे उभं राहता आलं. त्यांच्या भाषेत तसा आडोसा नाही, ‘नावू’ कुणाला वगळत नाही. तिथे तुम्हाला आईला उघड लिहावं लागेल, की अव्वा, यात तू नाहीस.

ते पत्र येईपर्यंत तरी तुमचीच,
त्रिशला