मेलेल्या अतिरेक्याचा हात

मढ, ता. जुन्नर
६ जानेवारी २०२४

चि. सौ. निर्मला हीस बहिरूदादाचे अ. उ. आ.

फोनवर मी ओरडतो आणि तू रडतेस, म्हणून पत्रच लिहितो आहे. गेल्याच्या गेल्या दिवाळीत आपल्या ऋतिकने माळशेज घाटात ज्या सिनेमात काम केलं, तो येत्या शुक्रवारी नारायणगावला लागतो आहे. अतिरेक्यांना शोधणाऱ्या गुप्तहेराची गोष्ट आहे. ऋतिक त्यात हेराचा उजवा हात झालाय, चांगला साहेबाच्या हुद्द्याचा, असं तो सांगतो. मेंढरंही आपलीच आहेत, पण त्यांची नावं पडद्यावर येत नाहीत म्हणे.

मेंढरांमागं फिरणाऱ्या पोराला आजकाल कोणी मुलगी देत नाही, हे तुला ठाऊकच आहे. चार घरी चहा पिऊन आलो, चारी घरांतून फोटो परत आला. म्हणून यंदा फोटो पाठवतच नाही. तुझे धाकटे चुलतदीर संपतभाऊ, त्यांची लेक सृष्टी आणि घरची सगळी माणसं घेऊन तू थेट थेटरात जा. नवरा मुलगा एवढा मोठा बघायला कोणाला मिळतो? मला कळप सोडून येता येत नाही. तुझ्या वहिनीने, तानूने, ओझरच्या विघ्नहराला नवस बोललाय. ही सोयरीक मोडली तर पोरगा खचेल, हे फक्त तुलाच सांगतो.

उत्तर एसटीच्या कंडक्टरजवळ दे. माया आहे म्हणून भार टाकतो, रागवू नकोस.

तुझा दादा,
बहिरू


शिनोली, ता. आंबेगाव
१३ जानेवारी

तीर्थरूप दादास निर्मलाचा शि. सा. न. वि. वि.

पाहिला बाबा सिनेमा. हेर दिल्लीहून निघतो आणि गाणी म्हणत अतिरेकी शोधतो. बर्फाचा डोंगर म्हणून दाखवलाय तो आपलाच. बर्फाच्या जागी कापूस पसरलाय आणि आपली मेंढरं तो खाताना स्पष्ट दिसतात. संपतभाऊ मध्यंतरापर्यंत झोपले होते. त्यांच्या आई कुशाआत्या सारख्या विचारत होत्या, की ह्यो अतिरेकी कवा घावायचा, आपली एसटी जाईल ना!

आणि दादा, ऋतिक साहेब नाहीच. तो अतिरेकी आहे! दाढी चिकटवून मेंढरांत लपलेला. हेराने गोळी घातली आणि तो पडला. इथवरही मी सांभाळून घेतलं असतं. पण हेर देशावर भाषण करत असताना मागे जीप सरकली, एक कोकरू चाकाखाली चाललं, आणि आपल्या मेलेल्या अतिरेक्याने हात लांबवून त्याचा पाय धरला, त्याला पोटाशी ओढलं आणि पुन्हा मेला. थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. संपतभाऊ मला म्हणाले, वहिनी, पोरगं खोटं बोलतंय ते बोलतंय, पर त्याला धड मरता बी येत न्हाई.

सृष्टी एसटीतून उतरली ती तडक घरात गेली. मुलाची ग्वाही मी दिली होती रे. आता त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ? मला तुझा फार राग आलाय. तो उतरेपर्यंत तरी लोभ तुझ्या बाजूने सांभाळ.

तुझी,
निर्मला


मढ
१५ जानेवारी

चि. सौ. निर्मलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तानूला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावून बसली. ऋतिकला मी नको ते बोललो. तो म्हणाला, की मेंढक्या म्हनून चार घरांनी नाकारलं, मग अतिरेकी म्हनून कोन घेनार व्हतं? मेल्यावर हात हलवला म्हणून सिनेमावाले साहेब त्याच्यावर लई चिडले होते म्हणे, पण ऊन उतरलं होतं आणि त्यांना परत यायला सवड नव्हती, म्हणून तेच ठेवलं. ते कोकरू आता स्वतःच गाभण आहे.

खोटं पोरगं बोललं, माफी बाप मागतो, असं संपतभाऊंना सांग. त्यांच्या मुलीला चांगलं घर मिळो. ऋतिक जेवला नाही, तसाच कळप घेऊन वर गेलाय. त्याला असं एकटं जाताना बघवत नाही गं.

आम्हा सगळ्यांवर पूर्वीसारखा जीव असू दे.

बहिरू


शिनोली
१८ जानेवारी

तीर्थरूप दादास शि. सा. न.

काल सृष्टी घोडेगावच्या दवाखान्यातली ड्यूटी संपली तरी घरी आली नाही. फोन बंद. संपतभाऊ मंचरपर्यंत शोधून आले. दिवेलागणीला ती नारायणगावच्या गाडीतून उतरली. म्हणाली, सिनेमाला गेल्ते. कोणत्या, तर त्याच! तो सिनेमा दुसऱ्यांदा बघणारं माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात सापडायचं नाही. कुशाआत्यांनी विचारलं, की समदा बघितलास का गं. तर नाही म्हणाली. अतिरेकी दुसऱ्यांदा मेला, तशी उठून आले.

संपतभाऊ मला म्हणाले, पावण्यांना रविवारी बोलवा, पर पोराला सांगा, दाढी काढून ये म्हणावं.

दादा, ऋतिकला खाली आण. सृष्टीचा त्याला निरोप आहे, की रविवारी तू काय करतोस असं मी चारचौघांत विचारीन, तेव्हा मेंढरं राखतो म्हणून मान वर करून सांग. ती हो म्हणणार आहे.

राग उतरला, लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
निर्मला