कोर्टातली आई

प्रिय अक्का,

आज दुपारी तुझं तेराव्याचं जेवण झालं आणि ताटं उचलायच्या आतच भांडण पेटलं. तुझ्यावरूनच. तू असतीस तर हातातला झारा दाखवून एकेकीला गप्प केलं असतंस. तू नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्याच खानावळीच्या मागच्या खोलीत, तुझ्या खाटेवर बसून लिहितेय. पलीकडे मुमताज आणि सुनंदा एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत, आणि मला संध्याकाळच्या आत एक मजकूर तयार करून द्यायचा आहे.

झालं असं. देहविक्रीचा धंदा कायदेशीर करावा का, बायकांना परवाने द्यावेत का, याबद्दल वस्तीतल्या बायकांचं म्हणणं ऐकायला उद्या मुंबईहून काही आमदार आणि अधिकारी नाशिकला येणार आहेत. वस्तीने निवेदन द्यायचं ठरवलं. लिहायचं मी, कारण मी पेपरात आहे आणि वेळेत लिहून देते. मुमताजने पहिली ओळ पाठ करूनच आणली होती : 'आमच्या रत्नाअक्कांची शेवटची इच्छा, आम्हाला परवाना द्या.' आणि वर तुझा मोठा फोटो.

सुनंदा चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, "अक्काचं नाव त्याच्यावर जायचं नाय."

"तू कोण गं सांगणारी? पोळ्या लाटतेस तर पोळ्या लाट!" मुमताज कडाडली.

मग सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. माधुरीताई, तुम्हीच सांगा. अक्काला परवाना हवा होता का नको?

काय सांगू? मला तरी तू कधी धड सांगितलंस?

नव्वदच्या आसपास मी वस्तीवर लेखमाला करायला पहिल्यांदा आले, तेव्हा तू धंद्यातून बाहेर पडून ही खानावळ टाकली होतीस. मी वही काढली, तर तू समोर पीठ ठेवलंस. "प्रश्न तोंडाने विचारतात ना? मग हात कशाला रिकामे?" माझी पहिली भाकरी बघून म्हणालीस, "बाई, लेख तरी नीट लिहितेस ना?" पुढची कितीतरी वर्षं वस्तीत माझी ओळख वाकड्या भाकरीवाली पेपरवाली अशीच होती.

तेव्हा तू परवान्याच्या बाजूची होतीस, हे खोटं नाही. एका सभेत तू माइक ओढून घेतलास. "रिक्षाला परवाना हाय. दारूच्या दुकानाला हाय. मग आम्हीच काय घोडं मारलंय?" सभागृह टाळ्यांनी दणाणलं होतं. मी त्यावर लेख लिहिला. परवाना आला की पोलिसांचा धाक जाईल, डॉक्टर येईल, अंगावर हात टाकणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येईल. मला अजूनही त्यातलं बरंच पटतं.

तू तो लेख कुणाकडून तरी वाचून घेतलास आणि मला विचारलंस, "तपासणी आमची करणार. अन् गिऱ्हाइकाची?"

मी म्हटलं, "तसं बहुधा कुठे करत नाहीत."

"मग आजार काय आम्ही माहेरून आणतो का गं?"

आणि फोटोवरून केवढी हसलीस! "परवान्यावर फोटो असणार. गावाकडं मी मोठ्या दवाखान्यात आया हाय. मी धंद्यात असते तर परवाना लावला असता कुठं, देव्हाऱ्यात?" असं म्हणायचीस, तरी पुढच्या सभेत परवान्यासाठी पहिला हात तुझाच वर. दोन्ही एकाच तोंडाने कसं बोलायचीस गं?

पण खरी गोष्ट सभेतली नव्हती. ती कोर्टातली होती.

धाड पडली की बायकांना गाडीत घालून न्यायचे, मग कोर्टात उभं करायचे. बाई चांगली सज्ञान असली तरी तिला कुणातरी नातेवाइकाच्या ताब्यात द्यायचे. नातेवाईक आलाच नाही तर सुधारगृह. आता यांचं कोण येणार? ज्यांच्यापासून तोंड लपवायचं, त्यांनाच बोलवायचं? मग वस्तीने आपली रीत काढली होती, आणि ती रीत म्हणजे तू. ठेवणीतलं इरकल नेसून, कपाळभर कुंकू लावून जायचीस आणि डोळ्यांना पदर लावायचीस. "साहेब, माझी लेक हो! कामाला म्हणून आली अन् फसली."

कोर्टातल्या एका शिपायाने एकदा तुला जिन्यात गाठलं. "मावशी, तुम्हाला लेकी तरी किती?"

"देवाला इचारा. मी फक्त वाढवल्या."

बाहेर येऊन आपण दोघी पोट धरधरून हसलो. तू खोटं बोलतेस म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईला सुटायला आई लागते, हे खोटं आधीचं. तुझं त्याच्यानंतरचं.

मग सुनंदा आली.

नांदगावकडची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मनमाडला काम लावून देतो म्हणून नवऱ्याच्या ओळखीच्या माणसाने तिला गाडीत बसवलं आणि नाशिकला हिराबाईच्या घरात आणून सोडलं. हिराबाई म्हणजे घरवाली. घर तिचं, आणि घरातल्या मुलीही तिच्याच समजल्या जायच्या. थोड्याच दिवसांत धाड पडली. हिराबाईचा तुला निरोप आला : नवी पोरगी आहे, सोडवून आण. तू गेलीस. आजवर जशी जात होतीस तशीच.

मी त्या दिवशी कोर्टात होते. भरलेल्या खोलीत सगळ्यांसमोर तिला विचारलं गेलं, "ही तुझी आई का?" मागे दाराशी हिराबाईचा माणूस उभा होता. सुनंदाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. "हो," म्हणाली.

रिक्षात आपण तिघी. सीबीएस बसस्थानकाचा चौक ओलांडला तशी ती तुझा हात धरून म्हणाली, "तुम्ही आई म्हणलात ना? मग मला आता नांदगावला सोडाल ना?"

अक्का, तिला वाटलं होतं की तू खरंच तिला घरी न्यायला आलीस! कोर्टातली आई म्हणजे परत त्याच घरात, हे वस्तीत मुरलेल्या बायकांना माहीत होतं. नव्या पोरीला कोण सांगणार? आणि इतक्यांना सोडवलंस, पण सोडवल्यावर तुला कुठे जायचंय, हे तू एकीलाही विचारलं नव्हतंस. विचारायची गरजच पडली नव्हती.

मी म्हटलं, "अक्का, रिक्षा वळव."

"गप बस. मागं गाडीवर हिराबाईचा माणूस हाय."

रिक्षा वळली नाही. मी पोलिसांत जाते म्हटलं, तर माझं मनगट आवळून म्हणालीस, "काय सांगशील? पोलिसांनीच पकडली, कोर्टानंच सोडली. मी खोटी आई म्हणून आत जाईन, अन् पोरगी त्या घरातच राहील." हिराबाईच्या जिन्यावरून ती वर गेली. वळून वळून तुझ्याकडे बघत गेली. तुझा तेव्हा फार राग आला होता. खरं सांगू, अजून थोडा आहे.

पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाजार गजबजलेला असताना, तू तेच इरकल नेसून हिराबाईच्या दारात उभी राहिलीस.

"हिरे, माझी लेक खाली पाठव."

"तुझी लेक?" हिराबाई खिदळली. "रत्ने, नाटक काल संपलं की!"

"कोर्टानं माझ्या ताब्यात दिलीय. कागद हाय. बोलव पोलिसाला, सांग त्याला की ही तिची आई नाय. मग तुझ्या किती पोरींची मी आई झाले, तेबी सांगते. दोघी मिळून आत जाऊ. जेवणाची सोय होईल तुझी."

रस्त्यावर माणसं थांबली होती. हिराबाईच्या माणसाने तुला पायरीवरून ढकललं, खांदा निखळला, तरी तू जागची हलली नाहीस. तिथेच धुळीत बसून हाका मारत राहिलीस, "सुनंदे, ये खाली! मी बसलेय!" ती खाली आली. चप्पलही न घालता.

नांदगावला आपणच तिला घेऊन गेलो. घरच्यांनी दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून ती तुझ्या चुलीपाशी आहे.

आणि तेव्हापासून तू कोर्टाची पायरी चढली नाहीस. हिराबाईच्या दारातलं भांडण सगळ्यांनी पाहिलं होतं, पण रिक्षात काय झालं आणि तू का थांबलीस, ते कुणालाही सांगायचं नाही, असं आम्हा दोघींना बजावलंस. बोलता बोलता खोट्या आईची गोष्ट कोर्टापर्यंत पोचली तर आधी सुटलेल्या सगळ्याच अडकतील, म्हणालीस. पटलं मला. पण त्याची झळ कुणाला बसली, माहीत आहे ना?

मुमताजला. तिला धाडीत नेलं, तेव्हा तिने निरोप पाठवला, अक्काला पाठवा. तू नाही म्हणालीस. मी वाद घातला, "अगं, तिला परत यायचंय, ती स्वतः म्हणतेय!" तू चाळणीतलं पीठ हलवत म्हणालीस, "सुनंदापण हो म्हणाली होती." 

मुमताज जवळजवळ पावसाळाभर सुधारगृहात राहिली. तिची लहान मुलगी तू सांभाळलीस, रोज वेणी घालून शाळेत पाठवलीस. पण मुमताज सुटून आली, त्या दिवशी तू तोंड लपवून मागच्या दाराने बाहेर गेलीस. एक शब्द सांगायला काय हरकत होती गं? वस्तीने तुला भित्री म्हटलं, सुनंदाच्या बदल्यात हिराबाईला फितूर झाली म्हटलं. ऐकून घेतलंस. सभांना जायचीस, पण मागे बसायचीस. मी विचारायचे, "अक्का, परवाना हवा का नको?" तू म्हणायचीस, "भाजीत मीठ बघ."

म्हणून आज मुमताज ओरडली, तेव्हा तिचं तरी काय चुकलं? "मी आत कुजत होते, तेव्हा कुठे होती तुमची अक्का? मेल्यावर तरी तिचं नाव माझ्या कामाला येऊ दे!"

सुनंदाने लाटणं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. कोर्ट, रिक्षा, हिराबाईचा जिना, सगळं. बायका उष्ट्या हातांनी तशाच बसून राहिल्या. मुमताजने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला सांगायचं होतं ना तिने. मैं कोई गैर थी क्या?"

तिला काय सांगू, अक्का? तू काय सांगितलं असतंस?

मला वाटलं, आता भांडण मिटलं. कसलं मिटतंय! मुमताज म्हणाली, "म्हणूनच परवाना पाहिजे. कागद दाखवला की पोलीस चालता होईल. धाडच नाही, तर आई कशाला पाहिजे?"

"अन् माझा कागद कुणी काढला असता?" सुनंदा म्हणाली. "हिराबाईनंच. माझा अंगठा धरून. मग तर धाडबी पडली नसती. मी तिथंच मेले असते, कायद्यानं."

"मग मी काय आयुष्यभर पोलिसाची लाथ खाऊ? तुझ्यासाठी?"

"तसं म्हणले का मी?"

"तसंच म्हणालीस!"

तिथून दोघींनी पाठी फिरवल्या त्या फिरवल्या. मी मागच्या खोलीत आले आणि कागद पुढे ओढला. दोन बाजू ऐकून घ्यायच्या आणि मधोमध सरळ रेघ मारायची, हे मी इतकी वर्षं करत आले. आज रेघ निघेना. मुमताज खरं बोलतेय, आणि सुनंदाही. परवाना दिला तर तो कुणाच्या हातात जाईल, हे मला माहीत नाही. नाही दिला तर लाथ कुणाच्या पाठीत बसेल, ते मात्र मला पुरतं माहीत आहे.

एक गोष्ट तेवढी मघापासून डोक्यातून जात नाही. कोर्टात दोघींना कुणी वेगवेगळं बाजूला नेऊन, दार लावून, एकटीला विचारलं असतं, बाई, तुला कुठे जायचंय? सुनंदा म्हणाली असती, घरी. मुमताज म्हणाली असती, माझ्या खोलीवर, माझ्या मुलीकडे. आणि त्या सांगतील तिथे त्यांना सोडलं असतं, तर तुला कुणाचीच आई व्हावं लागलं नसतं.

एवढीच मागणी मी निवेदनात लिहिली आहे : बाईला पकडू नका, तिला एकटीला विचारा, आणि ती म्हणेल ते माना. आत्ताच दोघींना वाचून दाखवून आले. मुमताज म्हणाली, "हे ठीक आहे, पण परवाना मी मागणारच." सुनंदा म्हणाली, "माग. मी नको म्हणणारच." आणि इतक्या वेळात पहिल्यांदा दोघींनी एकमेकींकडे तोंडं केली. भांडायलाच, पण केली.

तेव्हा शब्द देते अक्का. तुझा फोटो कुणाच्याही मागणीवर लागणार नाही. जे तू बोलली नाहीस, ते तुझ्या नावावर मी जाऊ देणार नाही. मुमताज जे मागायचं ते स्वतःच्या नावाने मागेल, सुनंदा स्वतःच्या नावाने नाही म्हणेल, आणि मी दोघींचं अक्षरन् अक्षर छापीन. आणि उद्या त्या सभागृहात साहेबलोकांनी नेहमीसारखं विचारलं की, या बायकांच्या वतीने कोण बोलणार, तर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या तरी मी उठणार नाही.

तुझी,
माधुरी